आधी टाकीची वेळ, मग टायमरची

कुंड्यांना पाणी घालायला नळाला लावायचा टायमर आणलास, चांगलं केलंस. पण बटण दाबायच्या आधी खाली जाऊन वॉचमनदादांना विचार, गच्चीवरची टाकी कधी भरते. बाळा, मुंबईत पालिकेचं पाणी चोवीस तास नसतं. तानसा, भातसाचं पाणी ठरल्या वेळी सोसायटीच्या खालच्या टाकीत येतं, मग पंप ते वर चढवतो. आपल्या दादरच्या इमारतीत पहाटे पाचला टाकी भरलेली असते आणि सातला सगळ्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की धार बारीक होते. म्हणून टायमर साडेपाचचा लाव. ऊन चढायच्या आत माती पाणी पिऊन घेईल.

फवारा नको. बंगल्याच्या हिरवळीला तो शोभतो. आपल्या ग्रिलमध्ये लावलास तर खालच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे भिजतील आणि त्यांनी चार शब्द सुनावले तर ते रास्तच. ठिबकच लाव, आणि नळाजवळ जाळीचा फिल्टर बसव, नाहीतर टाकीतला गाळ ड्रिपरमध्ये अडकतो.

आता टायमर आतून कसा आहे ते बघ. आपला शेवटचा मजला. टाकी नळाच्या वर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब साधारण ०.३ बार. सोलेनॉइडचे बरेच टायमर एवढ्या दाबावर नीट उघडत-मिटत नाहीत. मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा चालतो. दुकानदाराला हेच शब्द सांग आणि बदलून आण.

ड्रिपरवर ताशी दोन लिटर लिहिलंय, त्यावर विसंबू नकोस. तो आकडा पुऱ्या दाबाचा. एक ड्रिपर रिकाम्या बाटलीत सोड, दहा मिनिटं धर, किती जमलं ते मापाने बघ. मग सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या कुंडीशी तसंच कर. पाणी बंद झाल्यावरही नळीत उरलेलं खालच्या कुंडीत उतरत राहतं. तिथल्या तुळशीची मुळं त्यानेच कुजतात. प्रत्येक फाट्याला छोटी चावी बसवलीस की ज्याचं त्याला मोजून देता येतं.

कोकोपीट एकदा पार सुकलं की पाणी लगेच पीत नाही, बरंचसं कडेने सरळ तळाला जातं. त्यामुळे एकदम वीस मिनिटं सोडण्यापेक्षा दहा मिनिटं, अर्धा तास थांबून पुन्हा दहा. मोगऱ्याला एप्रिल-मे महिन्यांत हे लागतंच.

मृग लागला की टायमर सरसकट बंद करतात, तसं करू नकोस. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ग्रिलमधली जास्वंद चिंब होते आणि आत भिंतीलगतचा कढीपत्ता कोरडाच राहतो. बाहेरच्या चाव्या बंद, आतल्या चालू. बोट पेराएवढं मातीत घालून बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही. ऑक्टोबरात ऊन तापलं की सगळ्या चाव्या पुन्हा उघड. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरड्या कर. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

गणपतीला गावी निघायच्या आधी आठवडाभर टायमर तुझ्या डोळ्यांसमोर चालू दे. सेल नवे घाल. किल्ली शेजारच्या मावशींकडे दे आणि मुख्य नळ कुठून बंद करायचा ते त्यांच्याच हाताने एकदा करवून घे. नळी निसटली तर तू तळकोकणात असशील आणि पाणी जिन्यावरून वाहत असेल.