दोन नावांमधली रेघ

तुमच्या वर्गात दोन सुनील असले तर तुम्ही काय करता? 'पाटलांचा सुनील', 'जोश्यांचा सुनील' असे म्हणता. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही हीच अडचण येते. एकाने लिहिलेल्या भागात 'बेरीज' नावाची क्रिया असते, दुसऱ्याच्या भागातही तीच असते. दोन्ही भाग एकत्र आणले की संगणक अडून बसतो. म्हणून नावांना घराणे देतात; त्याला नेमस्पेस म्हणतात. आता घराणे आणि नाव यांच्यामध्ये चिन्ह कोणते घालावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो ना? पीएचपी या भाषेत त्यावर चांगलेच रण माजले होते.

ही भाषा १९९५ साली लोकांपुढे आली, तेव्हा तिच्यात घराणी नव्हती. पुढे ५.३ या आवृत्तीत ती आणायचे ठरले. जावा आणि पायथन या भाषा टिंब वापरतात. पण पीएचपीत टिंबाने दोन शब्द जोडतात. तिरकी रेघ घ्यावी, तर तो भागाकार. तेव्हा सी प्लस प्लसप्रमाणे '::' घेतले, आणि २००८ मधील चाचणी आवृत्तीत ते आलेही.

आता ही ओळ पाहा :

गणित::बेरीज()

पीएचपीत '::' ला आधीपासूनच काम होते. माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणाऱ्या साच्याला 'क्लास' म्हणतात. त्या साच्यातली क्रिया बोलावताना हेच चिन्ह लागे. मग वरच्या ओळीतले 'गणित' हे घराणे की क्लास? दोन्ही असले तर? 'आधी हे शोध, नाही सापडले तर ते' असा नियम करता येतो. पण मग भलत्याच फाइलमध्ये कोणी त्याच नावाची नवी क्रिया लिहिली, की तुमच्या ओळीचा अर्थ मुकाट्याने बदलतो! उत्तर चुकते आणि चूक दिसत नाही. माझ्या मते '::' सोडायला एवढे एकच कारण पुरेसे होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये पुन्हा चिन्हे तपासली. ':::', '%%', इतकेच काय, हसऱ्या चेहऱ्याचे ':)' सुद्धा यादीत होते. टंकायला सोपे आहे का, चुकून दुसरेच चिन्ह उमटेल का, असे निकष लावले. निवड झाली उलट्या तिरक्या रेघेची : गणित\बेरीज(). अवतरणचिन्हांबाहेर तिला दुसरे काम नव्हते, म्हणून संदिग्धता उरली नाही. जून २००९ मध्ये ५.३ बाहेर पडली.

टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच पोकळ नव्हती. जर्मन कळफलकावर ही रेघ काढायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. शिवाय दुहेरी अवतरणचिन्हांत या रेघेपुढे रोमन लिपीतले छोटे 'एन' आले तर पीएचपी त्याचा अर्थ 'नवी ओळ' असा घेते, छोटे 'टी' आले तर 'टॅब'. तेव्हा रोमन लिपीत 'गणित\नकाशा' असे नाव छोट्या अक्षरांत दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले, तर पडद्यावर काय उमटेल? कागदावर लिहून पाहा.