चंचल मूल आणि खेळाचा तास

रिसोड तालुक्यातील केनवड येथे तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे, असे समजू. पाढे म्हणता म्हणता तो खिडकीकडे वळतो, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देतो, पेन्सिल रोज हरवितो व जागेवर पाच मिनिटे स्थिर बसत नाही. शिक्षक त्यास द्वाड ठरवितात आणि शिक्षा म्हणून त्याचा खेळाचा तास बंद करतात. ही शिक्षा नेमके त्याच्या उपयोगाचे साधनच हिरावून घेते. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

१. ओळख

अशा मुलांचे वर्णन लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत केले होते. आज वैद्यकशास्त्र या अवस्थेस एडीएचडी म्हणते. अवधानाची उणीव, अतिचंचलता व उतावीळपणा ही तिची लक्षणे होत. तिचा संबंध मेंदूच्या वाढीशी आहे. ती मुलाच्या हट्टाने किंवा आईबापांच्या लाडाने उद्भवत नाही. मात्र प्रत्येक खोडकर मूल असे नसते. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे आढळणारी असावी लागतात. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या अवस्थेचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकाने आपली नोंद त्याच्यापुढे ठेवावी.

२. खो-खोची शिकवण

खो-खोला दोन खांब व आखलेले मैदान एवढेच साहित्य लागते. पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. ‘खो’ मिळाल्यावाचून उठावयाचे नाही आणि एकदा दिशा घेतली की अधेमधे मागे फिरावयाचे नाही, असे या खेळाचे नियम आहेत. थांबणे, ऐकणे व मग झेपावणे या तीन गोष्टी चंचल मुलास वर्गात कठीण जातात. मैदानावर त्याच गोष्टी तो आनंदाने करतो. कारण थांबण्याचा अवधी थोडा असतो, खूण स्पष्ट असते आणि चूक झाल्यास ती तत्काळ कळते. धावण्याने अंगातील उसळीस वाट मिळते, हा आणखी लाभ. खेळ हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. तो त्याचा जोडीदार आहे.

३. एक उदाहरण

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचे निदान वयाच्या ९ व्या वर्षी झाले. त्याची आई स्वतः शिक्षिका होती. त्याला वाचनाचा कंटाळा असल्याने तिने वर्तमानपत्रातील खेळाचे पान त्याच्या हाती दिले. गणिते पोहण्याच्या वेगावर घालवून घेतली. शर्यतीच्या वेळी त्याचा तोल जाऊ लागला की ती प्रेक्षकांतून हाताने एक ठरलेली खूण करी. या मुलाने २००४ ते २०१६ या काळात ऑलिंपिकमध्ये २८ पदके मिळविली. त्यांपैकी २३ सुवर्णपदके होती. प्रत्येक मूल पदक मिळविणार नाही. परंतु त्या मातेची रीत कोणत्याही खेडेगावच्या शाळेत आचरता येण्याजोगी आहे.

४. वर्गातील योजना

(अ) खेळाचा तास शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये.
(आ) सूचना एका वेळी एकच व थोडक्या शब्दांत द्यावी.
(इ) लांब काम तुकड्यांत वाटावे व मध्ये फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे सोपवावीत.
(ई) लक्ष वेधण्यासाठी एक खूण मुलाशी ठरवून घ्यावी. चारचौघांत नावाने रागावू नये.
(उ) गणित मैदानावरचे घ्यावे. पहिला गडी १ मिनिट ५० सेकंद टिकला, दुसरा २ मिनिटे १० सेकंद. दोघे मिळून किती वेळ टिकले?
(ऊ) पालकांना तक्रारीसाठीच बोलावू नये. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत त्यांना शाळेत येणे जमत नसेल, तर सायंकाळी घरी जावे आणि प्रथम मुलाने चांगले केलेले एक काम सांगावे.

प्रत्यक्ष काम : आपल्या वर्गातील सर्वांत चंचल मुलाचे दोन आठवडे निरीक्षण करावे. तो वर्गात किती वेळ एकाग्र राहतो व मैदानावर किती वेळ, हे रोज वहीत लिहावे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे त्या मुलास काय येत नाही यापेक्षा त्यास काय येते, हे शिक्षकास दिसू लागेल. अध्यापनाचा आरंभ तेथूनच करावा.