चालते यंत्र का बदलते?

सोलापुरी चादर घरात आली म्हणजे ती विरेपर्यंत वापरली जाते. पुढे तिचा तुकडा गोधडीत जातो. जी घरे ही काटकसर पाळतात, त्याच घरांत करमणुकीचे यंत्र मात्र उत्तम चालत असताना बदलले जाते. असे का व्हावे?

ग्रामोफोनचे उदाहरण घ्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी लाखेची तबकडी एका बाजूस तीनचार मिनिटेच वाजे. मैफलीत तासभर रंगणारा राग अब्दुल करीम खाँसारख्या थोर गायकालाही तेवढ्यातच आटोपावा लागे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली. ती एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. ही सोय खरीच होती. परंतु तिच्या बारीक खाचांत जुनी पोलादी सुई चालेना; म्हणून यंत्रही नवे घ्यावे लागले आणि जुन्या तबकड्या, त्यांतील गाण्यांसह, माळ्यावर गेल्या. हे नुकसान हिशेबात कोणी धरले नाही.

१९८२ साली भारतात दूरचित्रवाणीचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. येथे तर तेवढीही निकड नव्हती, कारण कृष्णधवल संचावर तोच कार्यक्रम दिसत असे. पण शेजारच्या घरातील हिरवेगार मैदान एकदा पाहिले, की आपल्या घरातील करडे मैदान डोळ्यांना खुपू लागे. चादरीची ऊब अशी शेजाऱ्याच्या चादरीशी कोण ताडून पाहतो?

काढलेला संच बहुधा चालूच असे. तो बार्शीकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे जाई, आणि तेथील मुले त्याच्याभोवती दाटीवाटीने बसत.