रोनाल्ड रॉस आणि हिवतापाचा परोपजीवी जंतू
(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञानाच्या पाठास पूरक)

‘हिवताप डासांमुळे पसरतो’ हे वाक्य आपल्या वर्गातील कोणताही मुलगा म्हणून दाखवील. परंतु ‘हे कशावरून?’ असा उलट प्रश्न केला की वर्ग स्तब्ध होतो. त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांजवळ असावे, एवढ्याकरिता हा पाठ दिला आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. १८८१ साली ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्याच्या आदल्या वर्षी लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांस अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक परोपजीवी जंतू आढळला होता. तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे मात्र कोणास सिद्ध करता आले नव्हते. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांस तो जंतू सूक्ष्मदर्शकातून दाखविला व डासाविषयीचा आपला संशय सांगितला. रोग्याचे रक्त प्यालेला डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पोटात गेल्याने रोग होतो, अशी मॅन्सन यांची कल्पना होती. रॉस यांनी तसे पाणी काही माणसांना पाजूनही पाहिले. निश्चित असे काही हाती आले नाही. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.)

१८९५ साली रॉस सिकंदराबादेस आले. आपला बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, व सिकंदराबाद ही त्याच संस्थानातील इंग्रजांची छावणी. मध्यंतरी पटकीच्या कामासाठी त्यांना बंगलोरला जावे लागले. १८९७ साली ते परतले. या दोन वर्षांत त्यांनी असंख्य डास चिरून तपासले, पण जंतूची वाढ कोठेही दिसेना. याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. ते डास क्युलेक्स व एडिस या जातींचे होते, आणि त्यांच्या शरीरात मनुष्याच्या हिवतापाचा जंतू वाढत नाही.

पुढे ठिपकेदार पंखांचे निराळे डास त्यांच्या हाती आले. १६ ऑगस्ट १८९७ रोजी हुसेनखान नावाच्या रोग्यास ते चावविण्यात आले. प्रत्येक डासामागे त्यास एक आणा मिळाला. उकाडा असह्य होता, परंतु वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखाही ओढता येत नसे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगास तडा गेला होता. २० ऑगस्ट रोजी एका डासाच्या जठराच्या भित्तिकेत गोलाकार पेशी दिसल्या, व त्यांत लाव्हरां यांनी वर्णिलेलेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला, तेव्हा त्याच पेशी मोठ्या झालेल्या आढळल्या. जंतू डासाच्या अंगात वाढतो, याचा हा पुरावा होय.

महिन्याभरात रॉस यांची बदली राजपुतान्यात खेरवाडा येथे झाली. सरकारी नोकरीतील वाचकांस याचे नवल वाटणार नाही. १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. जंतू डासाच्या लाळग्रंथींत पोचतो व दंशाबरोबर निरोगी चिमणीच्या रक्तात उतरतो, हे त्यांनी तेथे दाखविले. माणसाच्या बाबतीत हेच अ‍ॅनॉफिलीस डासावर सिद्ध केले ते इटलीच्या ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी. श्रेयाचा वाद पुढे फार कटू झाला. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. रॉस यांस १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा पाठ फळ्यावरच संपवू नये. काचेच्या बरणीत डासांच्या अळ्या आणून मुलांस दाखवाव्यात व बरणीचे तोंड फडक्याने घट्ट बांधावे. अ‍ॅनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी राहते. क्युलेक्स व एडिस यांची अळी डोके खाली करून तिरपी लोंबते. हा भेद भिंगाविनाही ओळखता येतो.

आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आपण सांगतो, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. परंतु ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ‘साठविलेले पाणी ओतून द्या’ हा उपदेश कोणती माउली ऐकेल? तेथे मुलांनी घरी असे सांगावे : रांजणातील व पिंपातील पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, फडके उन्हात झटकावे, रिकामे भांडे आतून घासून काढावे व तेच पाणी पुन्हा भरून झाकून ठेवावे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागता येतात.