दोन डोंगर, एक सूर्य आणि टिकमार्कची पाखरं

आत्ता तुमच्या हातात कागद दिला आणि 'एक चित्र काढा' म्हटलं, तर तुम्ही काय काढाल हे मी न बघता सांगू शकते. दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर आलेला अर्धा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, एक वाकलेलं नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्कसारखी पाच-सहा पाखरं. नदीत शिडाची होडी. आपल्या मार्कंडेय नदीत शिडाची होडी मी तरी अजून बघितलेली नाही, पण बेळगावातल्या हजारो ड्रॉइंगच्या वह्यांत ती आहे. याला आपण 'देखावा' म्हणतो. तो आपल्याला कुणी शिकवला हे आठवत नाही, आणि तो पुसताही येत नाही.

जूनपासून आपल्या मंडळातल्या आम्ही चौघी शनिवारच्या सकाळच्या शाळेला शहराबाहेरच्या एका मराठी प्राथमिक शाळेत चित्रकला घ्यायला जातो. पहिली ते चौथी एकाच खोलीत, तीसेक मुलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. चित्रकलेचं शिक्षण माझं नाही. त्यामुळे जाण्याआधी आणि जाता जाता बरंच वाचावं लागलं. त्यातलं जे वर्गात खरं उतरलं, तेवढंच इथे मांडते. मंडळाच्या अभ्यासगटात यावर बोलणं झालं तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता: दर आठवड्याला नवीन काय सुचतं तुम्हाला? त्या प्रश्नाचं उत्तर देखाव्यातच सापडतं असं माझं मत आहे. देखावा मुलांनाही कोरडं करतो आणि शिकवणाऱ्यालाही.

आधी मुलं चित्र का आणि कशी काढतात ते बघू. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897 साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली प्रत नव्हे, ती स्वतंत्र गोष्ट आहे, हे त्यांनी लावून धरलं. पुढे त्याच शहरात अंध मुलांना कला शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड 1938 मध्ये नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेले. त्यांचं 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' हे पुस्तक 1947 साली आलं आणि जगभरच्या कलाशिक्षकांच्या हाती पोचलं. त्यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले. साधारण दोन ते चार वर्षं गिरगोट्या. चार ते सात या वयात गोल डोकं आणि त्यातूनच फुटलेले हातपाय. सात ते नऊला मुलाकडे प्रत्येक गोष्टीचा एक ठरलेला आकार तयार होतो: माणूस असा, झाड असं, घर असं. कागदाच्या खालच्या बाजूला जमिनीची एक रेघ येते आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं. नऊनंतर मुलाला 'खऱ्यासारखं' हवं असतं.

वयांचे आकडे काटेकोर धरू नयेत. आमच्या पहिलीत दोन मुली तिसरीच्या पुढे आहेत, आणि चौथीतला एक जण अजून आनंदात डोक्यालाच पाय जोडतो.

यातला सात ते नऊचा टप्पा मला सगळ्यात श्रीमंत वाटतो, आणि तो समजायला पुस्तकाची गरजसुद्धा नाही. दिवाळीत आपल्या गल्लीतला किल्ला आठवा. दगड, विटा, चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर लाल माती, त्यावर पेरलेले हळीव किंवा मोहरी. दरवाज्यात उभा असलेला मावळा दरवाज्यापेक्षा उंच. बुरुजावरची तोफ बुरुजाएवढी. आणि वर सिंहासनावर बसलेले महाराज अख्ख्या बालेकिल्ल्यापेक्षा मोठे. कुणाला खटकतं? ज्याचं महत्त्व जास्त, तो मोठा. आमच्याकडे नाताळच्या गोठ्यातही हेच. दिवाळीच्या किल्ल्यातलाच प्लॅस्टिकचा वाघ मेंढरांशेजारी येऊन बसतो, मेंढरू बैलाहून मोठं असतं आणि बाळ येशू मेंढपाळाच्या मांडीवर मावणार नाही एवढा. लोवेनफेल्ड नेमकं हेच सांगतात: या वयात माप डोळ्याने नाही, महत्त्वाने ठरतं. दुसरीतल्या एका मुलीने आई काढली, तिचा एक हात दुसऱ्याच्या तिप्पट लांब. भाकरी थापणारा हात. दुसरा नुसता होता म्हणून होता.

तसंच घराच्या भिंतीतून आतलं सगळं दिसणं. बाहेरून कौलं, आणि आत चूल, आजी, टीव्ही, टीव्हीतला माणूस. वर्गात गोलाकार जेवायला बसलेली मुलं काढायची तर काही उभी, काही आडवी, काही चक्क डोक्यावर. कागद फिरवून फिरवून काढलेली असतात ती. वारली चित्रातला तारपा नाच बघितलात तर नाचणाऱ्यांची रांग अशीच वाजवणाऱ्याभोवती वेढे घेत फिरते. तिथे एकाच जागी उभं राहून बघणारा कुणी नाही. आपण कथनशास्त्रात ज्याला दृष्टिकोन म्हणतो, तो इथे एका कागदावर चार-पाच असतात. खरं सांगायचं तर एम.ए.च्या मुलांना जे समजावून सांगावं लागतं, ते दुसरीतली मुलगी खडूने करून मोकळी होते.

मग हे सगळं कुठे जातं? इथे त्या टिकमार्कच्या पाखरांकडे यावं लागतं. लोवेनफेल्ड यांच्या पुस्तकात तीन चित्रांचं एक उदाहरण आहे, कलाशिक्षणाच्या वर्गांत ते फार गाजलेलं आहे. एक मूल आधी स्वतःच्या मनाने पक्षी काढतं. त्यात जिवंतपणा आहे. मग त्याला रंगवायच्या पुस्तकातला छापील पक्षी रंगवायला दिला जातो. त्यानंतर ते मूल पुन्हा पक्षी काढतं, तेव्हा छापील पक्ष्याचीच कडक नक्कल येते. स्वतःचा पक्षी गेलेला असतो. मला हे वाचून आधी अतिशयोक्ती वाटली होती. पण आमच्या वर्गात जूनमध्ये 'पाखरू काढा' म्हटल्यावर तीसपैकी बहुतेकांनी टिकमार्क काढले. त्या शाळेच्या मागे भाताची शेतं आहेत, पावसाळ्यात तिथे बगळे बसलेले असतात. खिडकीतून दिसतात. एकानेही मान वर करून बघितलं नाही, कारण 'पाखरू' हे उत्तर पाठ होतं.

देखावा बंद करा, असा हुकूम देऊन काही होत नाही. मुलं आज्ञाधारक असतात. देखाव्याऐवजी तुमच्या मनातलं दुसरं काहीतरी पाठ करतात. लोवेनफेल्ड यांचा मार्ग वेगळा आहे. मुलाला अंगाने आठवायला लावा. म्हाळाचे दिवस होते, घरोघरी कावळ्याला पान ठेवणं चालू होतं. आम्ही कागद दिलेच नाहीत. विचारलं, कावळा पानाजवळ कसा येतो? मुलं उठून दाखवायला लागली. तिरकं उडी मारत. थांबून. मान एका बाजूला. एक जण म्हणाला, "तो आधी बघालाय, कोण हाकलतंय काय ते." दहा मिनिटं अख्खा वर्ग कावळे. मग एक-एक कोळशाचा तुकडा आणि जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. त्या दिवशी एकही टिकमार्क आला नाही. तिरके कावळे, एका डोळ्याचे कावळे, पानापेक्षा मोठे कावळे आले. एकीने कावळा अगदी कोपऱ्यात काढला आणि बाकी सगळा कागद मोकळा सोडला. विचारलं तर म्हणाली, "लांब हाय की तो अजून."

साहित्य फुकटात मिळतं, त्यावर फार लिहीत नाही. कोळसा, गेरू, खडू, ओली लाल माती. हळदीत चुना मिसळला की लाल होते हे मुलांना जादूसारखं वाटतं. घरातलं कुंकू असंच होतं हे सांगितलं की अजून मजा. एकच सूचना: एका दिवशी एकच गोष्ट द्या. बारा रंगांची पेटी दिली की मुलं रंग मोजत आणि भांडत बसतात. नुसता कोळसा दिला की बघायला लागतात.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. चौथीतला एक मुलगा. दर शनिवारी पहिलं वाक्य, "ताई, मला चित्र येत न्हाई." काढायचा, खोडायचा, परत काढायचा. खोडून खोडून एकदा कागदाला भोक पडलं. हा तो नऊनंतरचा टप्पा. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो, आणि मूल हातालाच गुन्हेगार ठरवतं. बहुतेक माणसं चित्र सोडतात ती याच वयात. तुमच्यातले 'मला साधं घरही काढता येत नाही' म्हणणारे आठवा; तुमचं शेवटचं चित्र नऊ-दहा वर्षांच्या मुलाचंच असतं. अशा मुलाला 'छान आहे' म्हणणं उपयोगाचं नाही. त्याला दिसतंय की छान नाही. आपल्यावरचा त्याचा विश्वास तेवढा जातो.

दिवाळीनंतर चौथीला आम्ही वेगळं काम दिलं. तुम्ही केलेला किल्ला कागदावर असा काढा, की तो न बघितलेल्या माणसाला बांधता आला पाहिजे. दरवाजा कुठे, पायऱ्या किती, पाणी कुठून येतं, वीट कुठे आणि दगड कुठे. त्या मुलाने सव्वा तास काम केलं आणि खोडरबर मागितलंच नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बाण काढला आणि 'हितं न्हाई, हितं' असं लिहिलं. चित्र सुंदर दिसायला हवं हे ओझं गेलं होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. या वयाच्या मुलांना चित्राला काम द्यावं, हा मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा. नकाशा, रस्ता, सायकलची चेन कशी फिरते, खानापूरचा कुंभार चाकावर मडकं कसं वर चढवतो. खऱ्यासारखं हवंय ना, मग खरं काहीतरी सांगायला द्या.

विरोध होतो. स्नेहसंमेलनाला भिंतीवर लावायला 'चांगली' चित्रं हवी होती, म्हणजे मोठ्यांनी आखून दिलेली आणि मुलांनी रंगवलेली. ती लागली. आम्ही कावळे आणि किल्ले खिडक्यांच्या खाली, मुलांच्या उंचीला लावले. पालक वरच्या देखाव्यांसमोर जास्त थांबले, हे मान्य करायला हवं. मुलं मात्र खाली उकिडवी बसून एकमेकांचे किल्ले वाचत होती. या पालकांना मी दोष देणार नाही. चित्रकलेला गुण मिळतात ते नीटपणाचे, हे त्यांना शाळेनेच शिकवलंय. सीमेपलीकडे महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. क्लासमध्ये त्याच्यासाठीसुद्धा आकृत्या पाठ करून घेतात. पाठ केलेलं स्मरण, काय म्हणावं याला!

'नवीन काय सुचतं' या प्रश्नाकडे येते. यूट्यूबवर शोधलं तर रोज शंभर कल्पना मिळतात. कागदी प्लेटचा सिंह, बोटांच्या ठशांचं झाड. दोनदा करून बघितलं तर तीस एकसारखे सिंह मिळतील, आणि पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा रिकाम्या. कारण त्या कल्पनेत तुम्ही काही बघितलेलं नसतं. माझ्याकडे एक टिपणवही आहे. त्यात दोनच गोष्टी जातात: त्या आठवड्यात मी स्वतः थांबून काय बघितलं, आणि चित्र काढताना मुलं काय बोलली. बसस्टँडवर पावसात उलटी झालेली छत्री, चर्चच्या पायरीवर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंचे हात. पुढचा धडा बहुतेक वेळा तिथूनच निघतो. आणि मुलं काढतात तेव्हा मीही काढते, फळ्यावर नाही, मांडीवरच्या वहीत. फळ्यावर काढलं की तो नमुना होतो.

हे आपल्या भागात कुणी केलंच नाही असं नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि नई तालीमच्या शाळेत खेड्यातल्या मुलांबरोबर अनेक वर्षं काम केलं. त्यातूनच आलेलं त्यांचं 'शिक्षा का वाहन : कला' हे हिंदी पुस्तक ज्यांना शिकवायचंय त्यांनी वाचावंच. शांतिनिकेतनातच शिकलेला आपला आणखी एक माणूस म्हणजे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (1902–1967). पुढे पुण्याच्या आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया रंगवली. युरोपातून छापून आलेली निळ्या झग्यातली मरिया सगळ्यांना पाठ होती. फोन्सेकांनी आजूबाजूच्या बायका बघितल्या. त्यावर त्यांच्याच लोकांकडून टीका झाली. पाठ असलेलं चित्र मोडलं की मोठी माणसंही रागावतात, मुलांच्या पालकांचं काय घेऊन बसलात!

फेब्रुवारीपासून दुसऱ्या शाळेतही वर्ग सुरू करतोय, त्यासाठी अजून तिघं-चौघं हवेत. चित्र येत नसलं तरी चालेल. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका मंडळाच्या कपाटात आणून ठेवा, एका बाजूने कोऱ्या असलेल्या. चकचकीत कागदाच्या नकोत, त्यावर कोळसा उमटत नाही.