लेकॉकला मुक्कामच करावा

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं लेकॉक हे गाव चार रस्त्यांचं. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट फिरून झाले की गाव संपतं. म्हणून बाथ आणि स्टोनहेंजच्या सहलीत त्याच्या वाट्याला तास-दीड तासाचा थांबा येतो. आमची लेक स्विंडनला राहते. तिथून चिपनम स्टेशन रेल्वेने पाव तासावर, आणि चिपनमपासून लेकॉक जेमतेम पाच किलोमीटर. त्यामुळे तिच्याकडे गेलं की लेकॉकला जाणं होतंच. इकडून नातेवाईक आले की त्यांनाही घेऊन जातो. गावात राहून झालं, आसपास राहून झालं, नुसतं दिवसभर फिरून परतणंही झालं. त्यातून जे पक्कं झालं ते इथे मांडते.

१. गाव कसं टिकलं हे आधी जाणून घ्यावं

सॉल्झबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये इथे नन्सचा मठ स्थापन केला. गाव लोकरीच्या व्यापारावर वाढलं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेऊन राहतं घर केलं. पुढे तो टॅल्बट घराण्याकडे आला. मठ आणि जवळजवळ सगळं गाव एकाच घराण्याच्या मालकीचं राहिल्यामुळे जो तो आपलं घर पाडून नवं बांधतोय, असं इथे झालं नाही. १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी मठ आणि गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. आजही बहुतेक घरं ट्रस्टची आहेत आणि त्यांत भाडेकरू कुटुंबं राहतात. इथे मुक्काम करणारा माणूस म्हणजे नांदत्या गावाचा पाहुणा असतो, हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उमगतात.

२. जुन्या घरात राहायचं तर त्याच्या अटी मान्य कराव्या

चर्च स्ट्रीटवर ‘साइन ऑफ द एंजल’ ही पंधराव्या शतकातली सराई आहे. लाकडी सांगाडा, मधल्या भिंती चुन्याच्या, खोल्या मोजक्याच. हाय स्ट्रीटवरचं ‘रेड लायन’ बाहेरून लाल विटांचं, जॉर्जियन धाटणीचं. १९९५ च्या बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत हा रस्ता मेरिटन गाव म्हणून दिसतो. अशा घरांमध्ये तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली असतात, जमिनीला उतार असतो, जिना अरुंद आणि उभा असतो. लिफ्ट नसते, आणि बसवायची म्हटली तरी बसवता येत नाही. या इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे. साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते. सांगलीच्या आमच्या वाड्यात माडीवर जाताना प्रत्येक जण न सांगता वाकायचा, तसं इथेही दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

आपल्या माणसांना एक गोष्ट आवर्जून सांगते. इथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते. आंघोळ टबात किंवा शॉवरच्या काचेच्या आतच करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर सांडलेलं पाणी फळ्यांमधून झिरपून खालच्या खोलीच्या छतापर्यंत पोचतं, आणि ते छत चार-पाचशे वर्षांचं असू शकतं. बादली-मगाची सवय एवढ्यापुरती बाजूला ठेवणं ही त्या घराची राखलेली बूज आहे.

३. खोली घेण्याआधी फोन करून विचारावं

संकेतस्थळावरच्या फोटोंत जिना दिसत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी खोली घेताना मी नेहमी विचारते: खोली कितव्या मजल्यावर आहे, किती पायऱ्या चढाव्या लागतील, जिन्याला कठडा आहे का, बाथरूम खोलीलाच लागून आहे का, टबात पाय उचलून जावं लागतं की नुसता शॉवर आहे. कित्येक सरायांत अंगणापलीकडच्या जुन्या तबेल्याच्या खोल्या करून घेतलेल्या असतात. त्या तळमजल्यावर असतात आणि वयस्कर माणसांना सोयीच्या पडतात. गाडी असेल तर ती कुठे लावायची हेही विचारावं; पाहुण्यांचा मोटारतळ गावाच्या कडेला आहे. खोली साधारण दुपारी तीननंतर मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. लवकर पोचलात तर सामान ठेवून घेतात.

४. संध्याकाळ आणि सकाळ, हीच मुक्कामाची कमाई

पाचच्या सुमारास ॲबी, म्हणजे तो जुना मठ, बंद होते, सहलीच्या बसगाड्या निघून जातात आणि गाव गावकऱ्यांचं होतं. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. चहा घेऊन निघावं, चर्चवरून ओढ्याकडे वळावं, दगडी पादचारी पूल ओलांडावा आणि शेतांमधल्या पायवाटेने एव्हन नदीकाठच्या रेब्रिज वस्तीपर्यंत जाऊन यावं. खासगी शेतांतून जाणाऱ्या या वाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, गुरांपासून अंतर ठेवायचं आणि पायांत चिखलाला दाद न देणारे बूट घालायचे.

परतताना मान वर करून छपरांकडे नीट पाहावं. विजेच्या तारा लोंबत नाहीत, टीव्हीच्या ॲन्टेना डोळ्यांवर येत नाहीत. म्हणूनच ‘क्रॅनफर्ड’सारख्या मालिकांचं चित्रण इथे झालं. सकाळी मुलं शाळेत जाताना दिसतात आणि हे गाव म्हणजे चित्रीकरणाचा देखावा नव्हे, हे पुरतं पटतं. मग ॲबी उघडायच्या वेळी दारात हजर असावं. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ च्या ऑगस्टमध्ये जिची निगेटिव्ह घेतली ती जाळीदार खिडकी दक्षिण दालनात आहे. आज उपलब्ध असलेली कॅमेऱ्याची ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. गर्दी व्हायच्या आत त्या खिडकीसमोर उभं राहता आलं, तर आपल्या खिशातल्या प्रत्येक फोटोचं कूळ इथवर येतं हे निवांत मनात उतरतं.

५. जेवणाच्या वेळा पाळाव्या

गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि रात्री सहा ते नऊच्या बेतात पुन्हा चालू असतं. रविवारी दुपारी रोस्टचं मोठं जेवण असतं आणि संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल थंड असते. म्हणून रविवारी मुक्काम असेल तर दुपारी पोटभर जेवावं आणि रात्रीसाठी चिपनमहूनच ब्रेड, चीज, फळं आणून ठेवावी. शनिवारचं टेबल आधी सांगून ठेवावं. वेस्ट स्ट्रीटवरच्या ‘जॉर्ज इन’मध्ये जेवायला बसलात तर चुलीजवळचं लाकडी चाक नक्की पाहा. त्यात कुत्रा धावायचा आणि विस्तवावरची मांसाची सळई फिरायची.

६. शाकाहारी आहोत हे खोली घेतानाच सांगावं

‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणजे बहुधा कुणाचं तरी राहतं घर. यजमानीणबाई स्वतः न्याहारी करतात, सामान आदल्या दिवशी आणतात. आधी कळवलं तर अळंबी, भाजलेले टोमॅटो, बीन्स, बटाट्याचे तळलेले तुकडे, टोस्ट असं भरलेलं ताट समोर येतं. अंडं खाता की नाही तेही सांगून ठेवावं. खोलीत किटली, चहा, दूध, बिस्किटं ठेवलेली असतातच. न्याहारीच्या टेबलावर निवांत बसावं. कुठल्या वाटेवर चिखल झालाय, बस किती वाजता येते, आज चर्चमध्ये काय आहे, हे त्या बाईंइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

७. गावात जागा नसेल तर आसपास शोधावी

लेकॉकमध्ये खोल्या थोड्या. मे आणि ऑगस्टमधल्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्ट्यांना त्या फार आधी भरतात. तेव्हा हेतू पाहून जागा निवडावी. खर्च आवरायचा असेल तर चिपनममधली साखळी हॉटेलं बरी. स्टेशन हाताशी असतं आणि लिफ्टची शक्यताही असते. मात्र लेकॉकच्या बसवर रात्री आणि रविवारी विसंबू नये, टॅक्सी सांगून ठेवावी. मुलं बरोबर असतील तर आजूबाजूच्या शेतघरांमधल्या खोल्या उत्तम. ऐषाराम हवा असेल तर कॅसल कूमचं ‘मॅनर हाउस’ आणि कोलर्नचं ‘लकनम पार्क’ आहे. मोठ्या कुटुंबाने लँडमार्क ट्रस्टची घरं पाहावी. १९६५ पासून ही संस्था पडायला आलेल्या ऐतिहासिक वास्तू सावरते आणि सुट्टीसाठी भाड्याने देऊन त्यांचा खर्च भागवते. बाथमध्ये त्यांची ‘एल्टन हाउस’ आणि ‘मार्शल वेड्स हाउस’ आहेत. तिथे टीव्ही नसतो, पुस्तकं असतात.

या बाजूला राहिलात तर बोवुड या जुन्या हवेलीला जायला विसरू नका. १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना ऑक्सिजनचा शोध लागला तो या घरात. १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन या घराच्या मालक घराण्यातले. त्यांनी तिकडे नेलेल्या वस्तूंसमोर आपल्या लोकांची पावलं जड होतात, आणि व्हायलाच हवीत.

८. दारं-खिडक्या लोकांच्या आहेत

फोटो काढताना खिडकीतून आत डोकावू नये, उंबऱ्यावर बसू नये, रात्री रस्त्यात मोठ्याने बोलू नये. सुंदर दिसणाऱ्या त्या घरात कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. समोरून माणूस आला की आधी आपण ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं; बोलणं पुढे चालू होतं.

इंग्लंडच्या दहा-बारा दिवसांच्या प्रवासात लंडनला पाच-सहा रात्री जातात. त्यांतली एक लेकॉकला द्यावी, आणि ती शक्यतो सोमवार ते गुरुवारची असावी: खोली मिळते, दर उतरलेला असतो, गाव मोकळं असतं. त्या मुक्कामाचे पैसे सराईला, न्याहारी करणाऱ्या बाईंना, पबला मिळतात आणि त्यांतूनच तिथल्या माणसांना तिथे राहणं परवडतं. माणसं राहिली तरच गाव राहील, म्हणून माझा आग्रह मुक्कामाचाच आहे.