पालेभाजी श्रेष्ठ की बोर-आवळा?



बोरे-आवळे म्हणजे पोरांचा खाऊ आणि खरे अन्न ते पालेभाजी, अशी आपली समजूत असते. वास्तविक दोघांची कामे निरनिराळी आहेत.

१०० ग्रॅम माठात सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह व ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. बोर-आवळ्यांत ही द्रव्ये त्या मानाने थोडी. पण भाजीतील लोह अंगी लागणे कठीण. त्यास ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते. भाजीतले ‘क’ शिजवताना बरेच नाश पावते. १०० ग्रॅम ताज्या आवळ्यात मात्र ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते.

म्हणून माठ, शेवग्याचा पाला यांची भाजी असेल त्या जेवणातच आवळ्याची कच्ची फोड किंवा मूठभर बोरे खावीत. हंगाम नसेल तेव्हा भाजी चुलीवरून उतरवून लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोह कमी शोषले जाते.

पुष्कळ घरांत सून शेवटी जेवते, तोवर भाजी संपलेली असते. ती गरोदर असेल तर तिचे ताट आधी वाढा. चेहरा फिका दिसला, दम लागला, तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नका.